पहिल्या खेपेला न उतरलेलं विमान

गोव्याहून परतल्यापासून नागपुरात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, समुद्र कसा होता?" समुद्र मी पाहिलाच नाही. म्हणजे पाहिला, पण वरून, ढगाच्या एका फटीतून, आणि तेव्हा मी डोळे मिटायच्या घाईत होते. मी पाहिलं ते पेडणे तालुक्यातलं एक गाव, डिचोली तालुक्यातलं दुसरं गाव, आणि या दोन्हींच्या आधी बराच वेळ नुसता ढग. तरी गोवा पाहून आले असंच मी म्हणणार. ज्याला समुद्र बघायचा असेल त्याने स्वतः जाऊन बघावा.

निमित्त होतं आमच्या ऋताचं. ऋता विमान चालवते. एकटी नाही, शेजारी कॅप्टन असतात, ती सहवैमानिक. नोकरी लागल्यापासून शेजारपाजारी सगळे तिच्या विमानात बसून आले, फक्त आम्ही आईबाप राहिलो होतो. मी कधी गुडघ्याचं कारण सांगायचे, कधी पाहुण्यांचं. खरं कारण भीती. तिचे वडील तेवढंही बोलत नाहीत, "घर कोण बघणार?" म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी तिची गोव्याला बदली झाली आणि तिने फोन केला, "आई, चवथीच्या आदल्या दिवशी नागपूर ते गोव्यातलं मोपा विमानतळ ही फेरी माझी आहे. नंतर सुट्टी. सुमनमावशीकडे गणपतीला जाऊ. आता नाही म्हणायचं नाही." सुमन माझी मावसबहीण, लग्न होऊन पेडण्यातल्या हळर्णात गेलेली. तिचीही कितीतरी वर्षांची बोलावणी थकली होती. शेवटी मी एकटीने जायला हो म्हटलं.

ऋताने दोन अटी घातल्या. विमानात कुणाला सांगायचं नाही की मी तुझी मुलगी आहे, आणि पुढे डोकवायचं नाही. मी दोन्ही पाळल्या. पहिली पाळताना जीव जायची वेळ आली, ते पुढे येईलच.

मोप्याच्या वर

विमान सुटल्यावर वरच्या भोंग्यातून आवाज आला, "मैं आपकी फर्स्ट ऑफिसर ऋता..." लहानपणी ही पोरगी स्नेहसंमेलनात दोन ओळी बोलताना अडखळायची. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्षच नव्हतं. लोक पट्टे सैल करत होते, बिस्किटं फोडत होते.

माझ्या शेजारी डिचोलीचे एक व्यापारी बसले होते. भाचीच्या साखरपुड्याला नागपुरात आलेले, मांडीवर संत्रा बर्फीचं खोकं. गृहस्थ गप्पिष्ट निघाले. त्यांच्याकडून मला कळलं की गोव्यात गणपतीला चवथ म्हणतात, परगावी असलेला माणूस त्या दिवशी घरी पोचलाच पाहिजे, आणि नाही पोचला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. घरची मूर्ती चित्रशाळेतून आणायचा मान त्यांचा होता. "आयज सांजेक हाडपाची," ते म्हणाले. म्हणजे आज संध्याकाळी आणायची.

गोवा जवळ आला तसं विमान ढगात शिरलं. खिडकीबाहेर काही म्हणून दिसेना. आधी नुसता थरथराट होता, मग खड्ड्यातून बैलगाडी जावी तसे दणके. माझ्या हातातली पाण्याची बाटली निसटून कुठेतरी पुढे घरंगळत गेली. वरच्या कप्प्यातलं कुणाचं तरी स्टीलचं भांडं वाजत राहिलं.

"भियेनाकात मॅडम," शेजारी म्हणाले, "आमच्या हांगा चवथीक पावस आसताच." मला घाबरू नका सांगताना त्यांनी बर्फीचं खोकं इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कड आत गेली.

मी देवाचं नाव घेत होते, पण मन देवाकडे नव्हतं. मन त्या बंद दाराकडे होतं. दाराच्या पलीकडे माझी मुलगी बसली आहे, तिला काही दिसतंय का, तिचे हात कुठे आहेत, तिने सकाळी काही खाल्लं होतं का, एवढंच डोक्यात फिरत होतं. बाकीच्यांना फक्त स्वतःचा जीव होता. मला तिचाही होता, आणि ती चुकली तर या सगळ्यांचाही.

मग एकदम ढग फाटला. खाली लाल माती, हिरवं पठार आणि पुढे दिव्यांची रांग. शेजारी खिडकीला नाक लावून ओरडले, "दिवे दिसले! पावले आमी!" मागे कुणीतरी टाळी वाजवली. जमीन इतकी जवळ होती की झाडांची पानं वाऱ्याने उलटी झालेली दिसत होती. विमान एकदा खाली बसल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी इंजिनांनी असा आवाज केला की वरचे कप्पे खडखडले. नाक वर. पाठ खुर्चीला चिकटली. दिवे, पठार, झाडं सगळं गेलं आणि पुन्हा तोच पांढरा ढग.

मग सगळे एकदम बोलले. "हो परत वयर कित्याक वता?" हा परत वर का चालला, ते शेजारी मलाच विचारू लागले. "रनवे दिसतालो मगे! म्हाका दिसलो, तांकां दिसलो ना?" मागच्या रांगेतून एक जाडा आवाज म्हणाला, "हल्ली पुढे नवशिकी पोरं बसवतात, दुसरं काय होणार!" मी मान वळवून त्या माणसाकडे असं पाहिलं की तो खिडकीकडे बघू लागला. अट पाळायची नसती तर त्याला चार शब्द नक्की ऐकवले असते.

थोड्या वेळाने कॅप्टनचा शांत आवाज आला. वारा आणि पाऊस अचानक वाढला म्हणून आपण परत वर आलो आहोत, पावसाची सर ओसरेपर्यंत थांबू, इंधन पुरेसं आहे, आणि नाहीच जमलं तर हैदराबादला जाऊ. हैदराबाद म्हटल्याबरोबर शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. "आनी गणपती कोण हाडटलो?" ते हळूच म्हणाले. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली. आम्ही ढगांच्या वर गेलो होतो, तिथे लख्ख ऊन होतं, आणि त्या उन्हात विमान गोल गोल फिरत राहिलं.

दुसऱ्या खेपेलाही तोच थरथराट, तेच दणके. पण या वेळी दिवे दिसले ते दिसतच राहिले. विमान जरा तिरपं, एका अंगाने चालणाऱ्या म्हशीसारखं खाली आलं, शेवटच्या घटकेला सरळ झालं आणि दणकन टेकलं. खिडक्यांवर पाणी उडालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेजाऱ्यांनी हात जोडले, मी रडले. लाजायचं कारण नाही म्हणून लिहिते, चांगली हुंदके देऊन रडले. ज्या दोन माणसांनी आम्हाला खाली आणलं त्यांचे पाय धरावेत असं वाटलं, आणि त्यातलं एक माणूस माझ्या पोटचं होतं.

उतरताना दाराशी कॅप्टन नाईक उभे होते. कानाजवळ केस पिकलेले, चेहरा ओढलेला. सगळ्यांना थँक्यू म्हणत होते, पण हसत नव्हते. त्यांच्या मागे ऋताची पाठ तेवढी दिसली.

हळर्ण

विमानतळावरून हळर्ण फार लांब नाही. ऋताच्या छोट्या गाडीत बसल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या सरांनी विमान परत वर का नेलं गं?"

"मी सांगितलं म्हणून."

"तू?"

"मी गो अराउंड म्हटलं. म्हणजे उतरू नका, परत वर चला. सरांनी नेलं."

"म्हणजे त्यांना उतरायचं होतं?"

"हो. उतरतच होतो."

"आणि तू अडवलंस? काय चुकलं काय तुझं?"

"आई, मला भूक लागली आहे," ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर झालेलं सगळं कंपनीला कळवायचंय. नंतर बोलू."

मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलं आहे. साहेबांनी सही करायला पेन उचललं आणि हाताखालच्याने मध्येच "थांबा" म्हटलं, तर पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. इथे तर साहेब जमिनीला टेकत होते, आणि माझ्या पोरीने त्यांना सगळ्या प्रवाशांसमोर परत वर पाठवलं. शेजाऱ्यालासुद्धा दिवे दिसत होते! त्यात आता वर कळवायचं. कॅप्टन हसत का नव्हते ते मला कळलं. हिची नोकरी जाते की काय, एवढाच घोर मला लागला. आणि परवा पाळी नावाच्या गावी, त्याच कॅप्टनांच्या घरी आम्हाला गणपतीचं जेवण होतं. बोलावणं आधीच झालेलं.

सुमनने दारातच मिठी मारली. "ये गो शैले, शेवटी इलंस! आधी कदेलार बस, पाय धुवक पाणी देतंय." कदेल म्हणजे खुर्ची, हे मला तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा कळलं होतं. ती बसायला देते आणि लगेच उठवते, कारण दर दोन मिनिटांनी तिला काहीतरी दाखवायचं असतं. तिने मला माटोळी दाखवली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं, परसातलं जे जे फळ असेल ते बांधतात. सुपारीचे घोस, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, पपनसासारखं तोरिंगण, निरफणस, कांगणीच्या पिवळ्या फळांचे झुबके, नारळ. आमच्याकडे नागपुरात थर्माकोलची मखरं बंद झाली तेव्हा लोक हवालदिल झाले होते. इथे सजावट खाताही येते. सुमनचे यजमान दत्ताराम भाऊजी शिडीवर चढून शेवटची तवशी बांधत होते. शेतकरी माणूस, बोलणं मोजकं.

सकाळी पोदेराची सायकल आली. पोदेर म्हणजे पाववाला. गरम उंडे पाव आणि चहा, वर सुमनची बडबड. मग ऋताबरोबर मी गावातल्या जुन्या किल्ल्याच्या पडक्या तटाकडे फिरायला गेले आणि लाल चिखलात अशी बसले की नवी साडी कायमची विटकरी झाली. ऋता हसून हसून दमली. तिला हसताना पाहून बरं वाटलं, म्हणून मी पुन्हा विचारलं, "तुझं नक्की काय चुकलं ते तरी सांग." ती हसायची थांबली. "काही नाही गं," म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मी सुमनला गाठलं. ती खतखत्याच्या भाज्या चिरत होती. सगळं सांगितल्यावर तिने सुरी खाली ठेवली. "अगो बाय! मोठ्या मनशाक आडवलान ह्या चेडवान? मगे रित्या हातान जावच्या न्हय पाळीक. मी पातोळ्यो करून देतंय. आणि आज गाऱ्हाण्यात ह्यांका सांगतंय तिचा नाव घेवक."

गाऱ्हाणं ही इथली मोठी सुंदर रीत. घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून घरच्या सगळ्यांसाठी मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्याकडे आपण मनातल्या मनात मागतो, देवालाही अंदाज बांधावा लागत असेल. इथे सगळं उघड. कुणाला परीक्षा आहे, कुणाचं लग्न अडलंय, कुणाची गाय दूध देत नाही, सगळ्या वाडीला कळतं.

पूजा झाली, घुमट नावाच्या मातीच्या वाद्यावर आरत्या झाल्या. भाऊजी हात जोडून उभे राहिले. एरवी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. "बा देवा म्हाराजा, आज सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..." "व्हय म्हाराजा!" शेताचं झालं, मुलाच्या नोकरीचं झालं. मग ते म्हणाले, "आणि ह्या आमच्या नागपूरच्या चेडवाकडसून, ऋताकडसून, जी काय चूक जाली आसात, ती पदरात घे. तिच्या सायबाक चांगली बुद्धी दी. तिची नोकरी राख, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळं घर म्हणालं. शेजारचे म्हणाले, पोरं म्हणाली, सगळ्यात मोठ्याने मी म्हणाले.

ऋता माझ्या शेजारीच उभी होती. तिने हात जोडलेले होते, ते तिने हळूच खाली घेतले. जेवताना ती सगळ्यांशी नीट बोलली, सुमनच्या नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, कौतुक केलं, भाऊजींना वाकून नमस्कार केला. माझ्याशी मात्र काही बोलली नाही. मला वाटलं, चूक कबूल करायला जड जातंय.

पाळी

हळर्णाहून पाळीला जाताना डिचोली ओलांडली की रंग बदलतो. खनिजाचा पट्टा. ओढ्याचं पाणी लाल, रस्त्याच्या कडा लाल, झाडांचे बुंधे कमरेपर्यंत लाल. त्यात मध्येच एखादं हिरवंगार कुळागर, सुपारीच्या रांगा आणि पाटाचं पाणी. माझ्या मांडीवर हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा डबा होता, अजून गरम. ऋता गाडी चालवत होती, मी मनात वाक्यं जुळवत होते.

कॅप्टन नाईकांचं घर रस्त्याला लागूनच. ते स्वतः लुंगीवर दारात आले. टोपी आणि पट्ट्यांशिवाय माणूस अगदी आपल्यातला दिसतो. ते "या मावशी" म्हणायच्या आतच मी डबा पुढे केला आणि सुरू झाले. "साहेब, पोरगी अजून लहान आहे. अनुभव कमी. तुम्ही उतरत होता आणि तिने मध्येच अडवलं, त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका. तिच्या वतीने मी माफी मागते. वर कळवताना जरा सांभाळून घ्या." आणि मी हात जोडले.

"आई!" ऋता म्हणाली. एवढंच.

कॅप्टन माझ्याकडे बघतच राहिले. डबा तसाच त्यांच्या हातात. तेवढ्यात आतून त्यांची आई आली, वाकलेली, काठी टेकत. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ऋताकडे, आणि मुलाला विचारलं, "हीच मगे ती? जिणें तुका परत वयर व्हेलो?"

"हीच गे आई."

म्हातारीने काठी भिंतीला लावली आणि ऋताचा चेहरा दोन्ही हातांत धरला. अंगठे तिच्या गालांवरून फिरवत राहिली.

"मावशी, बसा आधी," कॅप्टन म्हणाले. "माफी कसली मागता? विमान चालवत होतो मी. रनवे दिसला आणि माझे डोळे बाहेर गेले. जे बघायचं ते हिने बघितलं. आमच्या कामात दोघांपैकी कुणीही ते दोन शब्द म्हटले की दुसऱ्याने परत वर जायचं. का म्हणून विचारायचं नाही. केस पिकलेले असोत की काळे. कंपनीला मी स्वतः तसंच कळवलंय. आणि हिला थँक्यू मी तिथंच, वर ढगात असतानाच म्हटलं."

"काल गाऱ्हाण्यात हिचें नांव घातलें आमी," म्हातारी म्हणाली. "हांव हाका म्हणलें, घाल. तुजें नांव मागीर, आदीं तिचें."

मी खाली बसले. एकाच चवथीला, एकाच मुलीचं नाव दोन घरांतल्या देवापुढे गेलं होतं. पाळीच्या परक्या घराने तिचे उपकार मानले होते. तिच्या आईने तिची चूक पोटात घालायला सांगितली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने होय म्हटलं होतं.

"मला का नाही सांगितलंस गं?" मी विचारलं.

"तू विचारलंस कुठे?" ऋता म्हणाली. रागाने नाही, थकून. "मोप्यापासून तू एकच विचारते आहेस. काय चुकलं, काय चुकलं. चुकलं नव्हतंच काही, तर काय सांगू?"

या प्रवासात मी देवाचे आभार मानले, कॅप्टनचे मनात मानले, वाऱ्याचेसुद्धा मानले. जिचे आधी मानायचे तिचे राहूनच गेले होते. ते मी त्या परक्या ओसरीवर सगळ्यांसमोर मानले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. म्हातारीने पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि सुनेला पानं वाढायला सांगितली.

जेवण साधं आणि पोटभर होतं. मोडाच्या मुगांच्या मुगागाठी, मिसळभाज्यांचं खतखतें, सोलकढी. माझ्या पातोळ्याही वाढल्या होत्या. ऋता माझ्या शेजारी, कॅप्टन समोर. मी म्हटलं, "आता नीट विचारते. काय केलंस ते सांग. मला कळेल असं सांग."

तिने पातोळी खाल्ली आणि हळदीचं रिकामं पान माझ्यासमोर सरळ पसरलं. "हा रनवे," ती म्हणाली. कॅप्टनांनी हसून आपला उजवा हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, आणि तो पानाच्या टोकाकडे हळूहळू खाली आणू लागले. ऋता सांगत होती, समोरून येणारा वारा विमानाला तोलून धरतो, तो अचानक मंदावला की वेग पडतो, विमान खाली बसायला लागतं. बाहेर बघणाऱ्याला दिवे दिसत असतात, वेग पडलेला समोरच्या तबकडीच्या काट्यावर दिसतो, आणि काट्यावर नजर ठेवायचं काम तिचं. ती "स्पीड" म्हणाली. वेग पडतच गेला. कॅप्टनांचा हात पानापासून बोटभरच उंच राहिला होता.

"आणि मग?"

"मग मी म्हटलं."

"कसं म्हटलंस? तसंच म्हण."

ती जरा लाजली. मग माझ्याकडे न बघता, त्या पानाकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गो अराउंड."

कॅप्टनांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा हात वर गेला.